बिननंबरी ट्रेलर

ट्रॅक्टरला नंबर होता, ट्रेलरला नव्हता. एवढ्यावरून माझा नवरा तुरुंगात बसलाय, आणि लोक मलाच शहाणपण शिकवायला येतात.

मी वनजा. आमचे हे, खंडोजीराव, आणि मोठे भावजी नागोजीराव वरुणा गावच्या भट्टीवरून विटा भरून म्हैसुरात कुवेंपुनगरला टाकायचे. ट्रॅक्टरची नोंदणी केली, टॅक्स भरला. तर ऑफिसात म्हणे ट्रेलर ही वेगळी गाडी, त्याची फी वेगळी, टॅक्स वेगळा. इंजिन नाही, स्टेअरिंग नाही, ती कसली मेली गाडी? तरी हे भरायला गेले. वेल्डिंगवाल्याचं सर्टिफिकेट आणा म्हणाले. ते आणेपर्यंत फी वाढली. वाढलेली घेऊन गेले, तर उशिराचा दंड. भावजींनी डोक्यात राख घालून घेतली. आमच्या पणजोबांनी म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत घोडे नाचवले, खोगिराला कुणी वेगळा कर लावला नाही, आता दमडी देणार नाही, म्हणाले. ह्यांनी मान डोलावली. थोरल्यापुढे ह्यांना दुसरं काही येतच नाही.

त्या दिवशी मला बहिणीकडे जायचं होतं, म्हणून मी मडगार्डवर बसले होते. भावजी मागे विटांवर. वरुणा सोडल्यावर ब्रेक इन्स्पेक्टरनं अडवलं. गाड्या तपासणाऱ्या साहेबाला आमच्याकडे असंच म्हणतात. अनंतकृष्ण त्याचं नाव. ट्रेलर जप्त, म्हणाला, आणि जोडाची पीन काढायला स्वतःच मध्ये वाकला. भावजींनी खाली उडी टाकून त्याची कॉलर धरली. त्याच्या ड्रायव्हरनं भावजींच्या तोंडावर ठोसा घातला. ओठ फाटला. भावजींनी वीट उचलून ड्रायव्हरच्या खांद्यावर हाणली. तो पडला, उठला आणि त्यानं भावजींचा गळाच आवळला. साहेब पिनेशी झटत होता. आमचे हे मात्र इंजिन चालू ठेवून, क्लचवर पाय दाबून, दगडासारखे बसलेले. तेव्हा भावजी ओरडले, "खंडोजी, होडी!"

महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना ही होडी पाण्यातली वाटते. आमच्या घरच्या मराठीत निम्मं कन्नड. होडी म्हणजे मार. पण गाडी होडी म्हटलं की हाक. भावजींना म्हणायचं होतं, उतर आणि ह्याला मार. ह्यांना ऐकू आलं, हाक. ह्यांनी हाकली.

साहेब बाजूला व्हायला गेला आणि चाक त्याच्या मांडीवरून गेलं. हाड मोडल्याचा आवाज मी इंजिनाच्या आवाजातही ऐकला. वरून विटा कोसळल्या. माणूस जगला, पण पाय कापावा लागला.

पोलिसांनी ह्यांना नेलं; भावजींना ओठ शिवायला म्हणून तूर्त सोडलं. मुद्दाम अंगावर घातली, खुनाचा प्रयत्न. मी सांगितलं, भावानं हाक म्हटलं म्हणून हाकली. बायको नवऱ्याचीच बाजू घेणार, म्हणाले. आणि भावजींनी काय सांगावं? म्हणे, मी तोंडच उघडलं नाही! माझं पित्त खवळलं. ज्यांच्यासमोर मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्यांच्या घरात शिरून त्यांच्या त्या शिवलेल्या ओठावर थप्पड मारली. टाके उसवले. जाऊबाई सुमित्राबाई मध्ये पडल्या, त्यांना भिंतीवर ढकललं आणि वरवंटा उचलला.

"काय बोललात ते ठाण्यात जाऊन सांगा, भावजी. नाहीतर इथंच डोकं फोडते."

आले. सदऱ्यावर रक्त ठिबकत होतं. होडी म्हणालो, असं त्यांनी ठाण्यातल्या रायटरला सांगितलं. म्हणजे काय करायला सांगितलं, त्यानं विचारलं. आणि एकदा खरं बोलायचं ठरवल्यावर हा माणूस पुरतं खरं बोलला.

"मारायला."

रायटरनं तसंच लिहिलं. थोरल्यानं मार म्हटलं, धाकट्यानं मारलं. अहो, पण ह्यांना हाक असं ऐकू आलं, मी छाती बडवून सांगत होते. कानात काय गेलं त्याला साक्षीदार कोण, त्यानं विचारलं, आणि भावजींनाही आत घेतलं.

दोघं एकाच कोठडीत आहेत. भेटायला गेले की मी ह्यांना म्हणते, तुम्ही काय ऐकलंत ते कोर्टात ठणकावून सांगा. हे भावजींच्या तोंडाकडे बघतात आणि त्यांनाच विचारतात, मी काय ऐकलं म्हणून सांगू?