मुलाखतीत बंद पडलेला मी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि माझी हकिगत सांगताना मला आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

सहा वर्षांपूर्वी मधुराने मला फ्रीगंज बाजारातल्या दुकानातून घरी आणलं. तिच्या आईने, मीनाताईंनी, मला हळदकुंकू लावलं. मधुराने बी.एड.चा सगळा अभ्यास माझ्यावरच केला. "गुणाचं आहे गं तुझं हे," असं मीनाताई म्हणायच्या आणि मी फुलून जायचो.

याच कौतुकापोटी त्यांनी मला गादी शिवली. वर भैरवगढचं छापील कापड, आत मऊ कापूस. टेबलावर घासून मला ओरखडे पडू नयेत, एवढाच त्यांचा हेतू. पण माझी हवा घ्यायची जाळी पोटाशी असते, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही. जाळी बुजली, कापसाचे तंतू आत ओढले गेले, पंखा घरघरू लागला. मधुराच्या हाताला चटका बसायचा. पण आईने एवढ्या हौसेनं शिवलेली गादी काढायची कशी? ती गप्प बसली.

मग मे महिन्यात इंदूरच्या एका शाळेने तिची ऑनलाइन मुलाखत ठेवली. या नोकरीची तिने दोन वर्षं वाट पाहिली होती. धडा शिकवून दाखवा म्हणाले. ती इतकं सुरेख शिकवू लागली, आणि ऐन मध्यावर मी बंद पडलो. फार तापलो की आम्ही जीव वाचवायला आपोआप बंद होतो. मी स्वतःला वाचवलं आणि तिला तोंडघशी पाडलं. तिने मोबाइलवरून फोन केला, तोवर पुढचा उमेदवार बसला होता. ती नोकरी गेली.

टॉवर चौकातल्या दुरुस्तीवाल्या गोपाळने मला उघडलं. "आंटीजी, हवा कहाँ से जाएगी? अंदर पूरी रुई भरी है," तो म्हणाला. मीनाताईंनी कापूस ओळखला.

"गरम होतंय हे मला बोलली का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं, आई."

"आणि आता?"

लाज आम्हा तिघांनाही वाटत होती, पण सर्वांत जास्त मला. बंद तर मीच पडलो होतो ना.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या शाळेची मुलाखत झाली. मीनाताईंनी पोळ्या निववायची तारेची जाळी पुसून आणली आणि मला तिच्यावर ठेवलं. "पोळीला खालून हवा लागते, हे मी रोज बघते. याचं मेलं कळलंच नाही," त्या म्हणाल्या. मधुराने अख्खा धडा शिकवला. मी शेवटपर्यंत चालू राहिलो. निकाल अजून यायचा आहे.

मित्रांनो, आम्हाला गादी, उशी, पांघरूण यांवर ठेवू नका. कठीण, सपाट जागा द्या, जाळी मोकळी ठेवा, पंख्यातली धूळ वेळेवर काढून घ्या. आणि हाताला चटका बसला, तर त्याच दिवशी घरात सांगा. मधुरा मायेपोटी गप्प बसली, आणि मला तर बोलताच येत नव्हतं.