ओल्यावर घातलेली ताडपत्री

साइटवर त्याला सगळे झाकण्या म्हणत आणि त्याला त्याचा अभिमानच होता. कारखान्यातून तयार खोल्या यायच्या, खिडक्या, नळ, दिवे सगळं आत बसवलेलं. क्रेनने त्या एकमेकींवर रचल्या, जोडल्या की झालं घर. पण वरचं छप्पर बंद होईपर्यंत ती नुसती लाकडाची खोकीच, आणि तेवढे दिवस त्यांना पावसापासून सांभाळणं हे झाकण्याचं काम. त्याच्या ताडपत्रीला सुरकुती नसायची. गाठ अशी की सोडणारा आधी चार शिव्या हासडायचा आणि मग सुरी शोधायचा. नव्या माणसांना तो एकच गोष्ट बजावायचा: ओल्यावर झाकायचं नाही. आधी वाळवायचं, मग झाकायचं. नाहीतर पाणी आत कोंडतं आणि लाकूड आतल्या आत सडतं, वरून कळतसुद्धा नाही.

तर या शहाण्यानेच एकदा ओल्यावर झाकलं. बारा नंबरच्या घराची खोली ट्रकवरून आली ती फाटक्या आवरणात. वाटेतल्या पावसाचं पाणी छताच्या कोपऱ्यातून भिंतीत उतरलं होतं. झाकण्याने थाप मारून पाहिली, आवाज बद्द आला. भिंत खोलून, पंखे लावून आठ-दहा दिवस वाळवायला हवी होती. पण आभाळ पुन्हा भरून आलेलं आणि मुकादम मानेवर बसलेला. "आधी झाक रे बाबा, बाकीचं नंतर बघू," मुकादम म्हणाला. त्याने झाकलं, आणि नंतर बघायला अर्थातच कोणी आलं नाही.

पंधरा दिवसांनी ताडपत्री काढली तेव्हा आतून कोंदट वास आला, बादलीत विसरलेल्या ओल्या फडक्यासारखा. ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया भिंतीत टोचल्या की आकडा दिसतो. तो विसाच्या आत असेल तरच खोली वर चढवायची. कोपऱ्यात आकडा आला चौतीस. तपासणीच्या कागदावर चौतीस लिहिला असता तर खोली परत गेली असती, सगळी रांग अडकली असती आणि घरांचा ताबा तीन महिने तरी लांबला असता.

ताबा मिळणाऱ्यांच्या यादीत त्याची थोरली बहीण होती. मेव्हणे गेल्यापासून ताई त्याच्याकडेच राहायची, एकाच खोलीत, कपाट आणि ओट्याच्या मधल्या पट्टीत अंथरूण टाकून. तिची छाती अधू. खोकल्याची उबळ आली की पोरं उठू नयेत म्हणून उशीत तोंड खुपसायची. बायको वाईट नव्हती, पण तीही माणूसच. "ताईंच्या घराचं काय झालं?" असं ती रोज विचारत नसे, फक्त भांडी जरा जोरात ठेवायची.

झाकण्याने सुया उपटल्या आणि खिडकीजवळ टोचल्या. तिथे ऊन लागायचं. आकडा आला सोळा. सोळा लिहून त्याने सही ठोकली. खोली वर चढली, छप्पर बंद झालं, रंग लागला आणि तो कोपरा इतर तीन कोपऱ्यांसारखाच पांढराशुभ्र दिसू लागला.

सोडतीत ताईला अकरा नंबर लागला, बाराच्या बरोबर खालचा, तळमजल्याचा. बारा नंबर शिवणकाम करणाऱ्या एका वयस्क बाईला गेला. झाकण्याचा जीव भांड्यात पडला. त्या बाईकडे बघायचं मात्र त्याने शिताफीने टाळलं. अशा वेळी माणूस स्वतःला वाईट म्हणत नाही, नशीब चांगलं म्हणतो.

ताब्याच्या सकाळी तो ताईची ट्रंक आणि खाट हातगाडीवर घालून पोचला, तर त्याच्या आधी आलेली ताई त्या बाईला हाताला धरून अकराच्या दारात उभी.

"मी यांच्याशी घर बदललं," ताई म्हणाली. "गुडघे पार गेलेत यांचे. जिना कसा चढणार? साइटच्या साहेबांनी कागदही करून दिला."

झाकण्याने तिला जिन्याखाली ओढलं. "ताई, बदलू नकोस."

"का?"

"तुझी छाती. जिना झेपायचा नाही तुला."

"चौदा पायऱ्या आहेत. खरं काय ते बोल."

मग त्याने सांगितलं, खाली बघत. भिंत आतून ओली आहे, ओलीच बंद केलीय, सही माझी आहे. सहा महिन्यांत बुरशी धरेल आणि तुला श्वास घेणं मुश्कील होईल.

"म्हणजे या बाईंना त्यात राहू देणार होतास," ताई म्हणाली.

"त्या आपल्या कोण?" तो बोलून गेला, आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

"साहेबांना सांग. आत्ता जा."

साहेबांचं ऑफिस फाटकापाशी होतं, दारही उघडं होतं. सांगितलं तर नोकरी जाणार, भिंती उघडणार, ताई पुन्हा ओट्याजवळ येणार. झाकण्या जागचा हलला नाही. ताईने वाट पाहिली. ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी गेले सांगायला, तर तुझी पोरं उघड्यावर येतील," ती म्हणाली. "ते माझ्याच्याने व्हायचं नाही. पण त्या बाईलाही मी वर पाठवणार नाही."

ती जिना चढू लागली. सहाव्या पायरीवर थांबून तिने दम घेतला. शिवणकामवाली बाई दारातून म्हणाली, "फार मोठ्या मनाची आहे हो तुमची बहीण." झाकण्या "हो" म्हणाला आणि खाट डोक्यावर घेऊन वर गेला.

"कोणती भिंत?" ताईने विचारलं.

त्याने बोट दाखवलं. बाकी तिन्हीकडे दार, खिडकी आणि ओटा होता. खाट मावेल अशी ती एकच भिंत होती. त्याने खाट तिथे लावली, आणि ताई तिच्यावर बसून तिथूनच खिडकीच्या कडीला हात पुरतो का ते बघू लागली.