डब्यातली फांदी

वनमालानं स्टीलचा डबा काचेच्या काउंटरवर ठेवला आणि झाकणाकडे हात नेणाऱ्या नवऱ्याला डोळ्यांनीच दटावलं. एसटीत धारूरपर्यंत तो डबा तिच्या मांडीवरून हलला नव्हता. तान्ह्या लेकरालाही तिनं कधी एवढं जपलं नसेल.

“अगदी जवळून फोटो निघंल असा कॅमेरा दावा,” रामकिसन म्हणाला. “फुलावरली धूळ दिसाय पायजे.”

दुकानदार विजयसिंह हसले. “लोक फोटोतली धूळ घालवाय येतात, मामा. तुमी धूळ धराय आलाय?”

हसण्यासारखंच होतं ते. त्यांच्या सीताफळाच्या बागेला लागून खडीचं क्रशर बसलं, त्याला तिसरं वर्ष. फुलं धुळीनं बुजायची, गळून पडायची, फळ धरायचंच नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला; पण भरपाई ठरवणाऱ्या साहेबांना आरसाच हवा होता. मोबाइलच्या फोटोत त्यांना नुसती फिकट झाडं दिसली. उद्या ते स्वतः येणार होते, शेवटच्या पाहणीला. म्हणून क्रशरवाल्यानं काल मशीन बंद ठेवलं आणि बांधावर दोन टँकर लावून, पाइप मारून, सगळी बाग धुऊन काढली. बाग नवरीसारखी नटली. त्याआधी, टँकर वळून बांधाला लागेपर्यंत वनमालानं धावत जाऊन फुलांची एक फांदी तोडली आणि डब्यात घातली. पुरावा म्हणून आता तेवढंच उरलं होतं.

विजयसिंहांनी दोन कॅमेरे मांडले.

“ह्यो लांबचं जवळ आणतो. डोंगरावरला मोर टिपायचा तर हा घ्या. तुमच्या कामाचा मात्र हा दुसरा. मुंगीच्या पायाचे केस मोजा.”

“मग ह्योच,” वनमाला म्हणाली. “पर आदी काढून दावा.”

विजयसिंह दिवा जवळ ओढू लागले. रामकिसन कॅमेऱ्याच्या काचेत डोकावत बसला. वनमालानं झाकण उघडून फांदी अलगद बाहेर ठेवली. लखलखीत काचेवर पांढुरकी भुकटी सांडली.

“अगं बाई, केवढी घाण केली तुमच्या दुकानात!”

ती शरमली. तीन वर्षांत तिनं ताट, तांब्या, पाट, काहीच न पुसता कुणापुढं ठेवलं नव्हतं. तिनं पदरानं काच पुसली. काच पुसता पुसता देठ पुसला, मग पानं, एकेक करून. फुलांवर हळूच फुंकर घातली आणि पदराचं टोक फिरवलं.

फोटो सुरेख आला.

“बघा!” विजयसिंहांनी पडदा तिच्यापुढं धरला. “शीर न् शीर. पाकळीवरली लव सुदा. धुळीचा एक कण जरी असता ना, मावशी, तरी दिसला असता.”

रामकिसननं पडद्याकडे पाहिलं, मग फांदीकडे, मग बायकोच्या पदराकडे. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं.

“देऊ का बांधून?”

वनमालानं पदराचं मळकं टोक चिमटीत धरलं, काही सांडू नये म्हणून दुसऱ्या हाताची ओंजळ खाली धरली आणि ते दिव्याखाली नेलं.

“ह्याचा येतो का वो, असाच जवळून?”

“येतो की,” विजयसिंह म्हणाले. “पर त्यात फूल कुठंय?”