जोतीरामाची नागीण

बहीण म्हणून किडनी दिली, ती काय उताऱ्यावर ओवाळून टाकायला?

वरीस झालं, माझी एक किडनी माझ्या धाकट्या भावाच्या, जोतीरामाच्या पोटात हाय. मुंबईच्या डॉक्टरांनी बजावलं हुतं, "शरीर हिला परकी समजून हाकलायला बघणार. ते रोखायच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या." पर त्या गोळ्यांनी अंगातली रोगाशी लढायची ताकद कमी हुतीया, आणि यंदा त्याच्या कमरेवर नागीण उठली.

सांगावा आला तशी आजऱ्याहून पहिल्या एस्टीनं मी कोल्हापूर गाठलं. बघते तर गडी आडवा, तोंड सुजलेलं, कमरेला तांबड्या मातीची काव थापलेली. नागिणीचं तोंड फिरून शेपटीला भिडलं की माणूस जातो, असं सगळीच म्हणत्यात. त्या भ्यानं धोंडुबाई चुलतीनं नागीण उतरवणारा केरबा आणलेला. त्याचं पथ्य काय, तर डॉक्टरच्या गोळीला शिवायचं न्हाय. आमच्या ह्या शहाण्या भावानं किडनीच्यासकट सगळ्याच गोळ्या बंद केल्या!

"लघवी हुतीया का?"

"कालपासनं थोडीच, आक्का."

माझं डोकंच सटाकलं. "आरं मुडद्या, तुझी हाय व्हय ती किडनी? माझी हाय!" धरला, रिक्षात कोंबला आणि दवाखाना गाठला.

प्रमोदिनी डॉक्टरीण शांत बाई. म्हणाल्या, "एक गोळी काही दिवस बंदच ठेवू, नाहीतर नागीण अंगभर पसरेल. दुसरी मात्र आत्ताच द्यायची, नाहीतर किडनी जाईल." नागिणीवरचं नवं औषध मुंबईहून मागवून सलाईनमधनं सोडलं.

मग मी खाटेशी ठाण मांडलं. लघवीची बाटली बघायची आणि आंबाबाईला हाका मारायच्या. भ्या वाटत हुतं की! माझ्याजवळ आता एकच उरलेली, पुन्हा देणार कुठनं?

एका सकाळी जोतीराम बोंबललाच, "आक्का, बाटली भरली!"

फोडांवर खपल्या धरलेल्या. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई हसल्या, "किडनी वाचली." मी सगळ्या वार्डापुढं भोकाड पसरलं. रडू दे की, माझीच किडनी हाय.

तेवढ्यात धोंडुबाई चुलती आली. "केरबाचा गुण आला गं बाई! त्याला नारळ द्याया पायजे."

"दोन दे," म्हटलं, आणि जोतीरामाचा जबडा धरून गोळी आत घातली. "गीळ!"

त्यानं गिळली.