भिंगरीचा वॉकर

मी भिंगरीचा वॉकर बोलतोय. पाय चार, पण स्वतःहून एक पाऊल टाकायची सोय नाही. दुकानात होतो तेव्हा वाटायचं, एखाद्या आजोबांच्या हाती जाईन. गेलो ते शाळकरी पोरीच्या.

घरभर गरगर फिरायची म्हणून ती भिंगरी. तापातून उठली आणि पाय थरथरू लागले, गुडघे दगा देऊ लागले. तपासण्या झाल्या, सगळं साफ. एक डॉक्टर म्हणाले, "नाटकं आहेत." तेव्हापासून पोरीने तोंडच मिटलं.

मग आईने मला आणलं. भिंगरी उभी राहिली, तेव्हा मला कोण अभिमान! पण दिवसेंदिवस ती माझ्यावर ओणवीच होत गेली. नजर सदा पावलांवर. आई म्हणायची, "जपून गं! थरथरतंय का?" की थरथर आणखी वाढायची.

शेवटी मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी मला बाजूला सारलं. "आता माझ्याकडे पाठ करून उलटी चालत ये बघू."

भिंगरी मागे मागे चालत गेली. पाय थरथरलेच नाहीत!

"म्हणजे सोंगच ना?" बाबा तडकले.

"मुळीच नाही. पाय खरंच तिच्या ताब्यात नाहीत. नसा, स्नायू शाबूत आहेत, पण मेंदूचा निरोप पायांपर्यंत नीट पोचत नाही. लक्ष पायांवर गेलं की आणखी बिघडतो. उलटं चालताना लक्ष हटलं, वाट मोकळी झाली. हीच या आजाराची खूण. यातून मुलं बरी होतात."

भिंगरीला रडू फुटलं. "मी खोटं नव्हते बोलत, बाबा."

चेंडू झेलत चालायचं, गुणगुणत जिने चढायचे, हे उपचार. पडली तर धावायचं नाही, शेजारी बसून दुसरंच काही बोलायचं. आणि वॉकर हळूहळू बंद.

म्हणून मी आता गॅलरीच्या दाराआड आहे. काल ती स्वयंपाकघरापर्यंत एकटी गेली होती. आज मधेच कोसळली.

"वॉकर दे ना! नाही जमत मला! कसली गं आई तू?"

आई धावत माझ्याकडेच आली आहे. तिची मूठ माझ्या दांड्यावर आवळलेली आहे.

माउली, सोड मला. लेकीजवळ फरशीवर बस, तिच्या मैत्रिणींच्या खोड्या विचार. अडगळीत पडायला वस्तू घाबरतात म्हणे. मी नाही घाबरत. तुझ्या पाया पडतो, मला धूळ खाऊ दे.