एकतीस पतंगांची सकाळ

मी एक जुना सापळा आहे. दचकू नका, मित्रांनो. मला दात नाहीत की फास नाही. पिवळ्या प्लास्टिकचे झाकण, त्याखाली नरसाळे आणि नरसाळ्याला बांधलेली हातभर लांब पिशवी, एवढाच माझा देह. झाकणाखाली खोडरबराएवढी एक गोळी बसवतात. तिला मादी पतंगाचा वास असतो. त्या वासाला भुलून नर पतंग येतो, नरसाळ्यातून घसरतो आणि पिशवीत अडकतो. कपाशीचे बोंड पोखरणाऱ्या गुलाबी अळीचेच हे पतंग. सकाळी पिशवी सोडून ते मोजले, की शेतापुढे काय वाढून ठेवले आहे ते कळते.

कारखान्यात आम्ही एकाच साच्यातून शेकड्याने बाहेर पडलो. एकात एक बसवून, खोक्यात भरून आम्हाला जिथे आणले, तिथे कालव्याच्या एका अंगाला तेवीस घरांची कपाशी होती. मला उचलले ते आत्याबाईंनी. थोरल्या भावाची मुले त्यांना आत्या म्हणत, म्हणून सगळेच आत्याबाई म्हणू लागले. हा भाऊ, दादा, तेविसांत सर्वांत मोठ्या शेताचा धनी. नवरा गेल्यावर आत्याबाई माहेरी परतल्या, तेव्हा त्याने वडिलांच्या जमिनीतला त्यांचा वाटा कोणी न मागता त्यांच्या नावे करून दिला होता. “तुझंच होतं, तुला दिलं,” एवढेच तो बोलला होता. आत्याबाई ही गोष्ट येईल त्याला सांगत. मी ती इतक्यांदा ऐकली आहे, की मला तोंडपाठ झाली आहे.

पहिली बैठक कापूस तोलायच्या शेडमध्ये झाली. प्रयोगशाळेतल्या एक बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तुमच्या या नव्या कपाशीच्या अंगातच अळीला मारणारं विष आहे. पण हजारांत एखादी अळी ते पचवून जगते. अशा दोन जगलेल्यांची जोडी जमली, तर पुढची सगळी पिलावळ विष पचवणारी. म्हणून शेताच्या कडेनं चार ओळी साध्या कपाशीच्या लावा. तिथं साध्या अळ्या वाढू द्या. जगलेल्या पतंगाला साधा जोडीदार मिळाला, तर पिल्लं नव्या कपाशीवर मरतात.”

“म्हणजे आता अळ्यांच्या सोयरिकीही आम्हीच जुळवायच्या?” मागून कोणीतरी म्हणाले. शेड हसून लोटपोट झाली.

“जुळवा, आणि नीट बघून जुळवा,” बाई म्हणाल्या. “दुसरं असं, शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडं, मुळासकट उपटायच्या. आणखी एका वेचणीसाठी तीच झाडं पाणी देऊन जगवायची नाहीत, फरदड ठेवायची नाही. हिरवं बोंड दिसलं नाही, तर अळी उपाशी मरते. पण हे तेवीसच्या तेवीस जणांनी करायला हवं. बावीस चालणार नाहीत.”

सगळ्यांच्या आधी दादा उभा राहिला. “मी शब्द देतो,” तो म्हणाला. मग बाकीचे हात भराभर वर झाले. सापळ्यातले पतंग मोजून वहीत लिहायचे काम आत्याबाईंकडे आले.

मित्रांनो, ती दोन वर्षे माझ्या आयुष्यातली सोन्यासारखी. पऱ्हाट्या उपटल्या की माझी पिशवी रिकामी राही. फवारणीचे पंप कोनाड्यात धूळ खात पडले. दुसरीकडची माणसे बघायला येत, माझ्याशेजारी उभी राहून फोटो काढून घेत. आत्याबाई ओल्या फडक्याने माझे झाकण पुसत. लग्नातल्या करवलीसारखा माझा थाट होता.

तिसऱ्या वर्षी शेते मोकळी झाली, नांगरटही झाली. आणि एका सकाळी माझ्या पिशवीत तीन पतंग निघाले. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी चौदा. आत्याबाईंनी ते तळहातावर घेऊन दोनदा मोजले. “येतायत कुठून मेले?” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

त्यांनी मला काठीसकट उपटले आणि दिवसाआड एकेका बांधावर रोवून पाहिले. कालव्याकडे दोन पतंग. पाव्हण्याच्या शेताजवळ एक. हा पाव्हणा वीस वर्षांपूर्वी दुसरीकडून येऊन इथे स्थायिक झालेला. वीस वर्षांत त्याचा पाहुणचार कोणी केला नाही, नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. शेवटी आत्याबाईंनी मला वरच्या टोकाला, झाडांच्या दाट रांगेपाशी रोवले. दुसऱ्या सकाळी माझी पिशवी फुगून आली होती. एकतीस.

त्या मला हातात घेऊनच झाडांतून पलीकडे गेल्या. पलीकडे दादाचे मागचे शेत होते. दुसऱ्या कोणाला तिकडे जायचे कारणच नव्हते. तिथे कपाशी उभी होती, हिरवीगार, बोंडांनी लगडलेली. सरीतून पाणी खळखळत होते आणि दादा फावड्याने ते वळवत होता.

“दादा, हे काय?”

“काय म्हणजे? विहिरीला पाणी आहे, झाडाला जीव आहे. एक वेचणी निघतेय. उभं पीक उपटायला हात धजेना.”

“तू शब्द दिला होतास.”

“तेवीस घरांत एवढ्याशा तुकड्यानं काय आभाळ कोसळतंय?” त्याने फावडे टेकले. बहिणीकडे बघायचे टाळून तो म्हणाला, “हे बघ, आता बोभाटा करू नकोस. माझी मान खाली जाईल. मी तुझ्यासाठी कधी मागेपुढे पाहिलं होतं का?”

आत्याबाई मागे फिरल्या. बांधावर बसून त्यांनी वही उघडली, तारीख लिहिली, आणि तारखेपुढची जागा कोरी ठेवून वही मिटली.

आठवड्याने शेडमध्ये बैठक बसली. पतंग आल्याची कुजबुज सगळीकडे झाली होती. मला मधोमध टेबलावर ठेवले होते. तेविसांतला एक ट्रॅक्टरवाला तावातावाने उठला. “पाव्हण्याच्या दारात पऱ्हाट्यांचा ढीग रचलाय. अळ्या त्यातच लपल्यात. दुसरं काय असणार?”

पाव्हणा उभा राहिला. “ढीग चुलीसाठी आहे. मी आणि बायकोनं एकूणएक किडकं बोंड हातानं तोडून जाळलं, मग ढीग रचला. येऊन बघा.”

“बघायचं काय त्यात! आत्याबाई, तुम्ही सांगा. सापळा काय म्हणतो?”

सगळ्या माना वळल्या. दादा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिले, मग वहीकडे पाहिले.

“सापळा पतंग मोजतो,” त्या म्हणाल्या. “कुठून आले ते सांगत नाही.”

वाक्यात खोटे काहीच नव्हते, मित्रांनो. म्हणून तर ते इतके भयंकर होते. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

त्याच दुपारी पाचसहा जणांनी पाव्हण्याचा ढीग पेटवून दिला. त्याची बायको घागरभर पाणी घेऊन धावली. कोणीतरी तिच्या हातातून घागर काढून घेतली. वर्षभराचे सरपण तासाभरात राख झाले. पाव्हणा दाराच्या चौकटीला टेकून नुसता बघत राहिला.

पुढच्या हंगामात त्याने साध्या कपाशीच्या कडेच्या ओळी लावल्या नाहीत. “तो लावत नाही, तर मीच का जागा अडवू?” म्हणत शेजाऱ्याने सोडल्या. मग त्याच्या शेजाऱ्याने. साध्या बियाण्याच्या पुड्या उकिरड्यावर पडल्या. पऱ्हाट्या कोणी उपटल्या, कोणी ठेवल्या. दादाची फरदड आता उघड उभी राहिली, आणि दादाचे पाहून आणखी नऊ जणांची.

त्यानंतरच्या वर्षी बोंडे वरून टपोरी दिसत, आणि फोडली की आत गुलाबी अळी आणि पिवळट, चिकटलेला कापूस. प्रयोगशाळेतल्या बाईंनी बोंडे नेली, तपासली आणि परत आल्या. “ही अळी आता विष पचवते,” त्या म्हणाल्या. “असं एका वर्षात होत नाही. पण अडवता आलं असतं ते वर्ष हातचं गेलं.” कोनाड्यातले पंप पुन्हा पाठीवर चढले. फवारता फवारता दादाचा मोठा मुलगा शेतातच कोसळला. तो वाचला, पण त्याची नजर अधू झाली. आत्या म्हणणारा पहिला मुलगा तोच.

त्यानंतर एका सकाळी आत्याबाई मला हातात घेऊन पाव्हण्याच्या दारी गेल्या. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून त्यांनी वही उघडली आणि कोरी जागा दाखवली. “इथं एकतीस लिहायचं होतं. दादाच्या बांधावर. तुझ्या बांधावर एकच होता. मला ठाऊक होतं.”

पाव्हणा सूप दुरुस्त करत होता. त्याने हात थांबवला नाही. “मलाही ठाऊक होतं, आत्याबाई. माझ्या गच्चीवरून दादांचं हिरवं रान दिसतं.”

“मग बोलला का नाहीस रे?”

“मी बोललो असतो तर पाव्हणा बोलतोय म्हणाले असते. तुम्ही बोलला असता तर ऐकलं असतं.” सुपाची पुढची काडी ओवत तो म्हणाला, “वही ठेवा आता. ऊन चढतंय. घरी जा.”

त्याने त्यांना बसा म्हटले नाही.

आत्याबाईंनी परतताना मला बांधावर ठेवले ते कायमचे. माझ्या नरसाळ्याला चीर गेली आहे, गोळीचा वास केव्हाच उडाला आहे, पिशवीत पावसाचे पाणी साचून त्यात डास वाढतात. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या सापळ्याला फेकून द्या हवे तर, माझी तक्रार नाही. पण तुम्ही कधी दहा जणांत मिळून काही राखायला घेतले, पीक असो, पाणी असो, की नुसता एक शब्द, तर जे मोजाल ते लिहा. आपल्या माणसाच्या नावापुढे येणार असेल, तर आधी लिहा. अळीने आमचे शेत खाल्ले ते पुष्कळ नंतर. त्या दिवशी सगळी शेड चुकीच्या माणसाकडे बघत होती, आणि खरे सांगितले असते तर जिचे सगळ्यांनी ऐकले असते, ती माझ्यापासून हातभर अंतरावर गप्प बसली होती.