कॉलरीच्या धड्यावरचं नाव

धाकटीनं मनाशी पक्कं केलं होतं. आज जर तिच्या पानांवर ताईचं नाव दिसलं, तर पुस्तकातून अंग काढून घ्यायचं. ताईनं काय ते एकटीनं करावं.

दोघी बहिणींनी जन्मभर शिवणाचा क्लास चालवला. आता दोघी दोन गावांत, आपापल्या मुलांकडे. जुन्या विद्यार्थिनींनी पुस्तकाचा धोशाच लावला, तेव्हा दोघींनी ऑनलाइन एक फाइल उघडली. बेतणं-कापणं ताईनं लिहायचं, रफू आणि दुरुस्ती धाकटीनं. पानाच्या डोक्यावर, हेडरमध्ये, जिचं तिचं नाव, असं फोनवर ठरलंही होतं.

पण धाकटीनं आपलं नाव टाकावं, तर दुसऱ्या दिवशी तिथे ताईचं. तिनं ते पुसून पुन्हा आपलं टाकावं, तर पुन्हा ताईचं. रोज फोनवर दोघी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या आणि नावाबद्दल मूग गिळून बसायच्या.

एवढ्याशा नावावरून या वयात कसलं रुसायचं, असं कुणीही म्हणेल. म्हणू दे. धाकटीला लहानपणी गणवेश मिळायचा तो ताईचा वापरून झालेला. हरवू नये म्हणून आईनं कॉलरीच्या आत लाल दोऱ्यानं ताईचं नाव भरलेलं असायचं, आणि ते उसवायला आईला कधी सवडच झाली नाही. वर्गातल्या मुली कॉलर उलटून बघायच्या आणि तिला ताईच्या नावानं हाका मारायच्या. ताईवर तिचा भारी जीव. फक्त नाव तेवढं तिला स्वतःचं हवं होतं.

तिनं लॅपटॉप उघडला. रफूच्या पानावर तिचंच नाव होतं. कुणी हात लावला नव्हता.

तिनं कौतुकानं सुनेला बोलावून दाखवलं. सून दिवसभर ऑफिसात असल्याच फाइली हाताळणारी. तिनं पानं वर सरकवली. ताईच्या सगळ्या पानांवरही धाकटीचंच नाव होतं.

सुनेनं समजावलं. दोघींनी नुसतं नवं पान घेतलं होतं, नवा विभाग केलाच नव्हता. अख्खी फाइल म्हणजे एकच विभाग, त्यामुळे वरचं नाव कुणीही कुठेही बदललं की ते सगळीकडे बदलायचं. धाकटी रोज थेट आपलं पान उघडायची, ताई आपलं. मागेपुढे बघतंय कोण!

 धाकटीनं लगेच ताईला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ताई आधी पोटभर हसली.

"मला वाटलं, तू मुद्दाम करतेस," ताई म्हणाली. "रागही आला होता."

"मग काल का नाही बदललंस?"

"काल कॉलरीचा धडा लिहीत होते. तुझी ती लाल दोऱ्याची कॉलर आठवली. म्हटलं, हिनं इतकी वर्षं माझं नाव मानेवर वागवलं. आता मी हिचं वागवते."

 धाकटीनं फोन सुनेच्या हाती दिला. प्रत्येक धड्याआधी नवा विभाग घालायचा आणि 'मागच्याशी जोडा' समोरची खूण काढायची, की ज्याचं नाव त्याच्याजवळ राहतं, असं तिनं ताईला सांगितलं.

"जोड काढली तर पानं तुटणार नाहीत ना गं?" ताईनं काळजीनं विचारलं.

"नाही मावशी. फाइल एकच राहते."

दोन्ही घरांत दुपारभर ते काम चाललं. बेतण्या-कापण्याच्या धड्यांवर ताईचं नाव आलं, रफूच्या धड्यांवर धाकटीचं राहिलं. शेवटी कॉलरीचा धडा उरला. तो ताईनं लिहिलेला, म्हणून धाकटीनं वर ताईचं नाव टाकायला घेतलं. तेवढ्यात फोन वाजला.

"तेवढा एक सोड," ताई म्हणाली. "कॉलरीवर तुझंच नाव राहू दे."